तांड्याच्या वाटेवर सात दिवस

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या रजिस्टरात दोन सायकली आणि एक मोटारसायकल एवढीच नोंद होती. मोटारसायकल माझीच होती. पाणी आणायला गेलो तेव्हा सवयीने लिहिली गेली. मी ती खोडली. खोटी नोंद करायची नाही, हा माझा जुना बाणा. या बाण्याने पुढे काय घोळ घातला, तेच सांगायचं आहे.

मी डिप्लोमा सिव्हिल. वीसेक वर्षं रस्त्यांच्या कामावर आहे. त्या वेळी एका कन्सल्टंट कंपनीत होतो. कन्सल्टंट म्हणजे रस्ता बांधणारा नव्हे. रस्ता कसा असावा ते सांगायचं आणि तसा होतोय का ते बघायचं, हे आमचं काम. काम दिग्रसपासून काही मैलांवर, नव्या चौपदरी रस्त्याचं. तिकडची जमीन काळी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि वरचा डांबराचा थर तिच्याबरोबर हलतो. म्हणून मुरमाचा भराव टाकून रस्ता उंच उचलावा लागतो. पण भराव म्हणजे भिंतच. तिला जिथे जिथे गावच्या वाटा येऊन धडकतात, तिथे खालून जायला सिमेंटचा चौकोनी बोगदा ठेवायचा. आम्ही त्याला अंडरपास म्हणतो, कागदावर बॉक्स.

प्रत्येक वाटेला बॉक्स देत नाहीत. वाटेवर रहदारी किती, यावर ते ठरतं. मी बसलो होतो ती वाट ड्रॉइंगवर तुटक रेषेने दाखवलेली होती. तुटक रेघ म्हणजे कच्ची वाट, असली तर असली. ती एका बंजारा तांड्याकडे जात होती आणि तिथेच संपत होती. बॉक्स द्यायचा की नाही यावर ऑफिसात दोन मतं पडली. शेवटी कुलथे साहेबांनी, म्हणजे आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरनी, निकाल दिला, "सात दिवस ट्रॅफिक काउंट घ्या. आकडा बोलेल." काउंट घ्यायला कोणी रिकामं नव्हतं. मी होतो.

ट्रॅफिक काउंट म्हणजे खुर्ची, रजिस्टर आणि माणूस. सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत वाटेच्या कडेला बसायचं आणि जे जाईल त्याची काडी ओढायची. मोटार एक धरतात. सायकल अर्धी. बैलगाडी मात्र कित्येक मोटारींच्या बरोबरीची, कारण ती रस्ता अडवून चालते. पायी जाणाऱ्याला आमच्या फॉर्मवर रकाना नव्हता.

जानेवारी महिना होता. आजूबाजूच्या शेतांतलं सोयाबीन केव्हाच निघालं होतं. पाणी नाही म्हणून दुसरं पीक नाही. नुसती काळी ढेकळं. तांडा तीस-पस्तीस घरांचा. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तिकडे चक्कर मारली, तर दारोदार कुलपं. काही दारांना कुलपावरून बाभळीच्या काट्यांच्या फांद्याही लावलेल्या. एक कुत्रं माझ्याकडे बघून भुंकलं, मग त्यालाही कंटाळा आला. मी परत येऊन खुर्चीवर बसलो.

मला एकटं वाटत होतं. साइटवरच्या माणसाने हे कबूल करायचं नसतं, पण वाटत होतं. बायको आणि मुलगी सांगलीकडे गावी. दिग्रसला मी एका गॅरेजच्या वरची खोली घेतली होती. संध्याकाळी गेलो की खानावळीत जेवायचं, फोनवर मुलीशी बोलायचं. ती विचारायची, "बाबा, आज काय केलं?" आज काहीही गेलं नाही ते मोजलं, असं मुलीला कसं सांगणार? मी सांगायचो, सर्व्हे चालू आहे.

सकरीबाई भेटली ती दुसऱ्या दिवशी. साठीच्या पुढची बाई, कपाळावर गोंदण, मागे एक शेळी. माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"काय करून राह्यले सायेब?"

"गाड्या मोजतोय."

तिने वाटेकडे बघितलं. एकदा तांड्याच्या बाजूला, एकदा डांबरी रस्त्याच्या बाजूला. "कोणत्या?"

मी हसलो. तिला सगळं समजावून सांगितलं. इथून मोठा रस्ता जाणार, भराव येणार, गाड्या जास्त भरल्या तर खालून वाट ठेवणार, कमी भरल्या तर बंद. मग पलीकडच्या गावातून वळसा घालून यावं लागेल. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिकडून तर नाला लागते. पावसात कंबरेवर पानी. शाळा, राशन, सारं तं याच रस्त्यानं हाये."

"लोक कुठे गेलेत सगळे?"

"ऊस तोडाले. दिवाळी झाली का गाडी येते, सारे बसून जातात. मंग होळीले वापस." थोडं थांबून तिने विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

मी सांगितलं.

"मंग तुमच्याच मुलखात गेले ना आमचे. पोरगा, सून, दोन्ही नातवं. तुमी पाह्यले असतीन."

पाहिले होते. लहानपणापासून पाहत आलो होतो. आमच्या गावाबाहेर दर थंडीत उसाच्या पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडायच्या. पहाटे ट्रॅक्टरवर बायाबापड्या दिसायच्या. आमच्याकडे त्यांना माणसं म्हणून मोजत नाहीत, कोयता म्हणून मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. 'यंदा किती कोयते आलेत', असं वडील मुकादमाला विचारायचे. ते कोयते कुठून येतात हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. आणि आता त्यांच्या कुलूपबंद दारांसमोर खुर्ची टाकून, इथे कोणी का दिसत नाही म्हणून काड्या ओढत बसलो होतो.

"तुम्ही नाही गेलात?"

"मालक होता तवा जात होती. आता एकटीचा कोयता होते का?"

त्या दिवसापासून ती रोज यायची. मी डब्यातली पोळी द्यायचो, ती खिशात टाका म्हणून भाजलेल्या शेंगा द्यायची. फार बोलायची नाही. वाटेच्या कडेला बसून शेळीकडे लक्ष ठेवायची. तिच्या बाजूलाही कोणी नव्हतं, माझ्याही. बरं वाटायचं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तिने विचारलं, "किती भरले?"

"एक."

"एक गाडी?"

"दोन सायकली. दोन अर्ध्या, मिळून एक."

ती शेळी हाकत निघून गेली. मला वाटलं, तिला गंमत वाटली असेल. पाचव्या दिवशी सकाळी ती आली ती सायकल घेऊन. मुलाची जुनी सायकल, मागच्या चाकात हवा नाही. तिला चालवता येत नव्हती. हँडल धरून ढकलत ती माझ्यासमोरून डांबरी रस्त्याकडे गेली. मी नोंद केली: सायकल. थोड्या वेळाने परत आली. मी पुन्हा काडी ओढली. मग ती पुन्हा निघाली. चौथ्या फेरीला माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मावशी, हे काय चाललंय?"

"काई नाई. काम हाये तिकडं."

"काय काम?"

"हाये." आणि गेली. धाप लागली होती, पण गेली.

त्या दिवशी तिने नऊ फेऱ्या मारल्या. संध्याकाळी मी रजिस्टर बंद करण्यापूर्वी पहिली नोंद ठेवली आणि बाकीच्या आठ खोडल्या. सहाव्या आणि सातव्या दिवशीही तेच. दिवसाची एक सायकल ठेवायची, बाकीच्या काटायच्या. तिच्या देखत नाही, ती गेल्यावर. एकच बाई, एकच सायकल, मुद्दाम आणलेली. ही बनावट रहदारी झाली, असं माझं मत.

सातव्या दिवशी दुपारी मी कुलथे साहेबांना फोन लावला.

"सर, इथे आकडा शून्याच्या आसपास आहे. पण तांडा बाहेरगावी आहे. ऊसतोडीला. होळीला परत येणार."

"मग?"

"मग हा आकडा खरा नाही."

"तू खोटा लिहिलायस का?"

"नाही सर."

"मग खरा आहे. जे नाहीत त्यांना कसं मोजणार? रिमार्क्समध्ये टाक एक ओळ."

मी टाकली. 'तांड्यातील रहिवासी हंगामी स्थलांतरित, होळीनंतर फेरमोजणी व्हावी.' रिमार्क्सचा रकाना फॉर्मच्या उजव्या टोकाला असतो. ऑफिसात फॉर्मवरून समरी शीट टाइप होते, म्हणजे सगळ्या मोजण्यांचा एक गोषवारा. तो पानावर मावावा म्हणून उजवीकडचे रकाने गाळतात. समरी शीट माझ्याकडे सहीला आली तेव्हा माझी ओळ तिच्यात नव्हती. मी ते बघितलं. त्या दिवशी अजून अकरा शीटांवर सह्या करायच्या होत्या. मी सही केली.

यात कुलथे साहेबांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकतो. पण मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. ते नागपूरचे. उसाचा हंगाम, पट्टा पडणं, म्हणजे कारखाना बंद होऊन टोळ्या घरी परतणं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मी त्यात वाढलो होतो.

पुढचं काम भराभर झालं. बॉक्स रद्द, मुरूम आला, रोलर आला. होळीच्या चार-पाच दिवस आधी त्या ठिकाणी भराव साडेचार मीटर चढला होता. माझी ड्यूटी तेव्हा तिथेच होती, मुरूम नीट दाबला जातोय का ते तपासायची. मी खड्डा करून नमुना काढत होतो, तेवढ्यात खाली हॉर्न वाजला.

ट्रक होता. वर माणसं, पेट्या, खाटा, गाठोडी, कोंबड्यांची खुराडी. दोन बकऱ्या. ट्रक भरावाच्या पायथ्याशी येऊन थांबला. ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला, जणू भराव बाजूला होईल. वरची माणसं उभी राहून बघू लागली. कोणी ओरडलं नाही. चार-पाच महिने परमुलखात काढून आलेली माणसं, दमलेली. एक बाई फक्त म्हणाली, "रस्ता कुठी गेला?"

मग माणसं उतरू लागली. पुरुषांनी पेट्या डोक्यावर घेतल्या आणि घसरत, हात टेकत भराव चढू लागले. माझ्या नुकत्याच दाबलेल्या मुरमावर त्यांची पावलं उमटत होती. एरवी मी आरडाओरडा केला असता. मी नमुन्याची पिशवी हातात धरून नुसता उभा राहिलो.

पलीकडून सकरीबाई चढून येत होती. मुलाने पेटी खाली ठेवली, "याडी" म्हणून तिच्या पाया पडला. याडी म्हणजे आई. नातवंडं तिला बिलगली. मग त्या मुलाने माझ्याकडे बघितलं. चेहरा चांगला नव्हता.

"तुमी इंजिनेर का?"

मी हो म्हणालो.

"आमाले कोणं इचारलं?"

मी काही बोलायच्या आत सकरीबाई मध्ये आली. माझ्या दंडाला हात लावून मुलाला म्हणाली, "ह्याले बोलू नको, परकास. हा मोजणारा सायेब व्हय. सात दिवस उन्हात बसला बिचारा. ह्यानं मले मोजलं. तुही सायकल बी मोजली."

मला वाटलं, भरावात गडप व्हावं. प्रकाश पेटी उचलू लागला. तिथेच गप्प बसलो असतो तर विषय संपला असता. पण ती तशीच माझ्याकडे बघत होती, खात्रीने.

"मावशी," मी म्हणालो, "मी तुम्हाला मोजलं नाही. रोजची एकच फेरी ठेवली. बाकीच्या खोडल्या."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिने हात काढून घेतला.

"काहून?" एवढंच म्हणाली.

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. नातीचा हात धरून पलीकडच्या बाजूने उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी तांड्याचे नाईक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, पंधरा-वीस माणसं घेऊन भरावावर येऊन बसले. दगडफेक नाही, घोषणा नाही. रोलरसमोर सतरंजी टाकून बसले. काम बंद. दुपारी कुलथे साहेब गाडीने आले. मी माझं मूळ रजिस्टर घेऊन त्यांच्या गाडीत बसलो.

"सर, ही माझी ओळ बघा. समरीत आली नाही."

"सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग?"

"म्हणूनच सांगतोय. फेरमोजणी मागणारं पत्र माझ्या नावाने जाऊ दे. चूक माझी आहे असं लिहितो."

ते रजिस्टर चाळत होते. पाचव्या दिवसाच्या पानावर थांबले. "ही एवढी खोडाखोड कसली?"

मी सगळं सांगितलं. पंक्चर सायकल, नऊ फेऱ्या, बनावट रहदारी.

त्यांनी चष्मा काढला. "अरे, पण आपण फेऱ्या मोजतो ना? माणूस मोजतो का? दूधवाला दहा वेळा गेला तर दहा लिहितोस की एक?"

"दहा."

"मग हिच्या का खोडल्यास?"

हाच प्रश्न दोन दिवसांत दुसऱ्यांदा. नियमाने तिच्या सगळ्या फेऱ्या धरायला हव्या होत्या. वीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला नियम माहीत नव्हता असं नाही. ती मुद्दाम करते आहे हे दिसलं आणि मी पंच झालो. तिच्या फेऱ्या धरल्या असत्या तरी बॉक्स मिळाला नसता, आकडा तेवढा मोठा नव्हताच. पण तो तिचा होता.

"वरचे लोक मला फाडून खातील," साहेब म्हणाले. मग म्हणाले, "लिही पत्र."

होळीनंतर फेरमोजणी झाली. भरावाला बाजूने कच्चा उतार करून वाट तात्पुरती चालू केली आणि मी पुन्हा त्याच ठिकाणी खुर्ची टाकली. काडी ओढता ओढता हात दुखून आला. बैलगाड्या, मोटारसायकली, ट्रॅक्टर, लग्नाची वऱ्हाडं, शाळेच्या सायकली. कुलपं उघडली होती, अंगणं सारवलेली दिसत होती, कुठेतरी सारखी गाणी वाजत होती. आणि मी पहिल्या वेळेपेक्षा जास्त एकटा होतो. सगळे माझ्यासमोरून जात होते, थांबत कोणी नव्हतं. सकरीबाई तिसऱ्या दिवशी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून गेली. तिने बघितलं, हात केला नाही. मी नोंद केली: मोटारसायकल, एक. डबा मी एकट्याने खाल्ला.

बॉक्स मंजूर झाला. त्यातही मेख होती. भराव साडेचार मीटरचा ठरून गेलेला. वरचा स्लॅब, रस्त्याचे थर वजा केले की आत तीन मीटर उंची उरते. जास्त हवी तर दोन्ही बाजूंनी पाव पाव किलोमीटर रस्ता उचलावा लागला असता, आणि तेवढ्यासाठी कोणी तयार नव्हतं. तीन मीटरमधून बैलगाडी जाते, ट्रॅक्टर जातो, गुरं जातात. भरलेला ट्रक जात नाही. वेळेवर मोजलं असतं तर तिथे भरावच उंच धरला असता. पावसाळ्याआधी बॉक्स झाला. मुलं कोरड्या पायांनी शाळेत जाऊ लागली, हे खरं. नाईकांनी नारळ फोडला. मला बोलावलं होतं, मी मागे उभा राहिलो.

दिवाळीनंतर मी मुद्दाम तिकडे गेलो. ट्रक आला होता आणि बॉक्सच्या अलीकडे थांबला होता. तांड्याची माणसं पेट्या, खाटा, भांडी डोक्यावर घेऊन बॉक्समधून येत होती, ट्रकमध्ये चढवत होती. एकेका घराच्या चार-पाच फेऱ्या होत होत्या. मीही दोन पेट्या उचलल्या. प्रकाशने एकदा बघितलं आणि तिसरी पेटी माझ्या हातात दिली.

ट्रक गेला. धूळ खाली बसली. बॉक्सच्या तोंडाशी सकरीबाई आणि शेळी उरली. मी मोटारसायकल उभी करून तिच्याबरोबर आतून चालत निघालो. आत आमच्या पावलांचा आवाज घुमत होता.

"आता काय मोजाले आले?" तिने विचारलं.

"काही नाही. मोजणी संपली."

"मंग?"

"असाच आलो."

बॉक्स संपला तिथे ती थांबली. मग पदराची गाठ सोडून तिने माझ्या हातावर शेंगा ठेवल्या. "बसा मंग घडीभर," म्हणाली. "आता होळीपरेंत कोणी येत नाई."

आम्ही बॉक्सच्या पलीकडे सावलीत बसलो. मागे तांड्याची कुलपं नव्याने लागली होती.

त्यानंतर मी आणखी दोन रस्त्यांची मोजणी केली. प्रत्येक वेळी फॉर्मवर पट्टीने रेघ मारून हाताने एक रकाना वाढवतो: 'सध्या गावी नसलेले, आणि ते केव्हा येणार.' ऑफिसात टाइप करताना तो रकाना गळतो. शीट माझ्यापुढे सहीला येते तेव्हा मी ती परत पाठवतो. आता ऑफिसात मला कटकट्या म्हणतात. म्हणू देत. सही तेवढी उशिरा करतो.